त्रिकोण आणि रुग्णशय्या

प्रेमाचा त्रिकोण आपल्या वाचकांना अपरिचित नाही. नाटक, कादंबरी आणि चित्रपट या तिन्ही मार्गांनी तो आपल्या घरात येऊन गेलेला आहे. १९६४ साली प्रदर्शित झालेला ‘संगम’ अनेकांना आजही आठवत असेल. दोन जिवलग मित्र, दोघांच्याही मनात असलेली एकच स्त्री आणि अखेरीस एका मित्राने घेतलेला जगाचा निरोप. अशा कथांमधील गाठ पुष्कळदा याच रीतीने सुटते. तीनपैकी एक कोन नाहीसा होतो आणि उरलेल्या दोघांचा मार्ग मोकळा होतो. प्रेक्षक हळहळतो, डोळे पुसतो आणि घरी परततो. निर्णय लेखकाने घेतलेला असतो. त्याचे ओझे प्रेक्षकाच्या खांद्यावर नसते.

जपानमध्ये १९९० नंतर रुजलेल्या एका कथाप्रकाराने वाचकाची ही मोकळीक काढून घेतली. त्याला ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ म्हणतात. आपण त्यास दृश्यकादंबरी म्हणू. घरातील नातवंडे संगणकावर वा मोबाइलवर काहीतरी वाचत, मध्येच थांबून विचार करत बसलेली दिसतात, तेव्हा ती कदाचित अशीच एखादी कथा वाचत असतात. आरोग्यविषयक पाक्षिकात या विषयाला जागा देण्याचे कारण असे की, या प्रकारातील एका गाजलेल्या कथेत त्रिकोणाचा एक कोन रुग्णशय्येवर आहे. दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांच्या मनात एक प्रश्न घर करून असतो आणि तो सहसा ओठांवर येत नाही. ज्याच्यासाठी मी थांबलो आहे, त्याच्यासाठी सारे आयुष्य थांबवून ठेवणे हेच प्रेम का? ही कथा तोच प्रश्न वाचकापुढे ठेवते आणि उत्तर त्यालाच द्यायला लावते.

वाचकाच्या हाती आलेली कथा

दृश्यकादंबरीची रचना साधी असते. पडद्यावर स्थळाचे एक चित्र दिसते. शाळेचे आवार, रेल्वे स्थानक, रुग्णालयातील खोली. त्यावर पात्रांच्या आकृती येतात आणि खाली चौकटीत निवेदन व संवाद उमटतात. मागे संगीत असते, पुष्कळदा पात्रांचे आवाजही असतात. वाचकाने बटण दाबले की पुढचे वाक्य येते. असे वाचत असताना कथा मध्येच थांबते आणि दोन किंवा तीन पर्याय समोर ठेवते. फोन उचलावा की वाजू द्यावा? खरे सांगावे की विषय बदलावा? वाचकाने जे निवडले त्याची नोंद होते आणि अशा अनेक लहानमोठ्या नोंदींतून कथेची पुढची वाट व शेवट ठरतो. एकाच कथेला पाच-सहा किंवा त्याहूनही अधिक शेवट असू शकतात.

या परंपरेच्या आरंभीची एक महत्त्वाची कृती म्हणजे १९९२ साली चुनसॉफ्ट या जपानी कंपनीने काढलेली ‘ओतोगिरिसो’ ही भयकथा. १९९६ पासून लीफ या दुसऱ्या कंपनीने आपल्या कथामालेला ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव दिले आणि पुढे तेच रूढ झाले. दरम्यान १९९४ मध्ये कोनामी कंपनीचा ‘तोकिमेकी मेमोरियल’ हा शालेय जीवनावरील प्रेमखेळ आला. त्याला काटेकोरपणे दृश्यकादंबरी म्हणता येणार नाही. परंतु त्यातील एक कल्पना मार्मिक होती. नायकाच्या ओळखीच्या मुलींपैकी जिच्याकडे फार काळ दुर्लक्ष होई, तिच्या नावाशी बॉम्बचे एक लहानसे चिन्ह दिसू लागे. वेळेत तिची विचारपूस केली नाही तर तो बॉम्ब फुटे आणि इतरांशी असलेले नातेही बिघडे. एकाला दिलेला वेळ हा दुसऱ्याकडून काढून घेतलेला वेळ असतो, ही गोष्ट त्या खेळाने मुलांना हसतखेळत शिकवली. घरात एक रुग्ण आणि इतर चार माणसे सांभाळणाऱ्या गृहिणीला ती कोणी शिकवावी लागत नाही.

जपानी भाषेत प्रेमाच्या त्रिकोणाला ‘सांकाकु कांकेई’, म्हणजे शब्दशः त्रिकोणी नाते, असे म्हणतात. दृश्यकादंबरीला हा विषय विशेष मानवला, कारण तिच्यात निवड ही वाचकाची असते आणि त्रिकोणात निवड म्हणजे कोणाला तरी दुखावणे.

तीन वर्षांची झोप

२००१ साली जपानमध्ये ‘किमी गा नोझोमु एइएन’ ही दृश्यकादंबरी प्रकाशित झाली. नावाचा अर्थ साधारणपणे ‘तुला हवी असलेली चिरंतनता’ असा करता येईल. ताकायुकी हा शाळेच्या शेवटच्या वर्षातला मुलगा. हारुका ही त्याच्यावर प्रेम करणारी, लाजाळू, मुलांच्या चित्रपुस्तकांची आवड असलेली मुलगी. मित्सुकी ही हारुकाची जिवलग मैत्रीण आणि नावाजलेली जलतरणपटू. तिनेच या दोघांची गाठ घालून दिलेली असते. परंतु तिचे स्वतःचे मनही ताकायुकीत गुंतलेले असते.

एके दिवशी हारुका त्याची वाट पाहत स्थानकाजवळ उभी असते. वाटेत मित्सुकी त्याला भेटते. त्या दिवशी तिचा वाढदिवस असतो; ती त्याच्याकडून एक साधी अंगठी भेट मागून घेते आणि त्यात त्याला थोडा उशीर होतो. तो पोहोचतो तेव्हा अपघात होऊन गेलेला असतो. हारुका बेशुद्धीत जाते आणि कथेचा पहिला भाग येथे संपतो.

दुसरा भाग तीन वर्षांनंतर सुरू होतो. ताकायुकीने दीर्घकाळ रुग्णालयाच्या वाऱ्या केलेल्या असतात, अपराधी भावनेने तो पुरता खचलेला असतो. अखेर हारुकाच्या वडिलांनीच त्याला सांगितलेले असते की, आता येऊ नकोस, तू तुझे आयुष्य जग. त्या काळोख्या दिवसांत त्याला सावरते ती मित्सुकी. त्यासाठी ती आपले पोहणे सोडून देते. हळूहळू दोघे एकमेकांचे होतात. आणि मग एके दिवशी रुग्णालयातून निरोप येतो की, हारुकाने डोळे उघडले आहेत. तिच्या दृष्टीने मधली तीन वर्षे घडलेलीच नाहीत. ताकायुकी आजही तिचाच आहे.

यापुढे वाचकाने ठरवायचे असते. या त्रिकोणात खलनायक कोणीही नाही. हारुकाने काही चुकीचे केलेले नाही, मित्सुकीनेही नाही. थोडा उशीर हा गुन्हा म्हणता येत नाही. तरीही कोणतीही वाट धरली तरी एकीचे हृदय तुटल्यावाचून राहत नाही. २००३ मध्ये या कथेवर चौदा भागांची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, तेव्हा तिला अर्थातच एकच शेवट स्वीकारावा लागला आणि तो मित्सुकीच्या बाजूचा होता. काही वर्षांनी हारुकाच्या बाजूचा शेवट सांगणारे निराळे भागही काढण्यात आले. मूळ कृतीत मात्र सगळ्या वाटा एकत्र नांदतात आणि वाचक मागे जाऊन दुसरी वाट चालून पाहू शकतो. आयुष्यात ती सोय नाही, याची जाणीव मागे जाताना अधिकच तीव्र होते.

समोर असूनही हरवलेले माणूस

ताकायुकीच्या त्या तीन वर्षांना मानसशास्त्रात एक नाव आहे. अमेरिकेतील अभ्यासक पॉलीन बॉस यांनी ज्या दुःखाचे वर्णन केले, त्याला आपण ‘संदिग्ध वियोग’ म्हणू शकतो. याचे दोन प्रकार आहेत. एकात माणूस देहाने दूर असतो, पण मनाने जवळ. जसे बेपत्ता झालेल्या व्यक्तीच्या घरी होते. दुसऱ्यात माणूस देहाने समोर असतो, पण ओळखीचे असे त्याचे मन हरवलेले असते. स्मृतिभ्रंश, मेंदूला झालेली गंभीर दुखापत, दीर्घ बेशुद्धी यांत कुटुंबीयांच्या वाट्याला हा दुसरा प्रकार येतो.

मृत्यूनंतर समाज आपल्याला काही आधार देतो. लोक भेटायला येतात, दिवस केले जातात, शोक करण्यास मुभा असते. संदिग्ध वियोगात असे काहीच नसते. पतीला पत्नी ओळखू येईनाशी झाली, तरी ती सौभाग्यवतीच असते. तिने रडावे तर कोणासाठी, आणि हसावे तर लोक काय म्हणतील? बॉस यांचे सांगणे असे की, अशा वेळी ‘आहे’ किंवा ‘नाही’ यांपैकी एकाच उत्तराचा हट्ट धरू नये. माझा माणूस आहे, आणि पूर्वीचा तो माणूस आता नाही, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी मानता आली तर मनावरचा ताण काहीसा सैल होतो.

कथेत हारुकाचे वडील ताकायुकीला परत पाठवतात, त्या प्रसंगाकडे या दृष्टीने पाहावे. वरवर ते वाक्य कठोर आहे. परंतु मुलीवरील माया तसूभर कमी न होता एका तरुणाला मोकळे करण्याचे धैर्य त्यात आहे. आपल्या घरांमध्ये असे वाक्य वडीलधाऱ्यांनी वेळीच उच्चारले, तर नोकरी, लग्न किंवा शिक्षण कायमचे थांबवून बसलेल्या कितीतरी मुलामुलींना श्वास घेता येईल.

कथा आणि वैद्यकीय वास्तव

येथे एक सावधानता आवश्यक आहे. पूर्ण बेशुद्धावस्था, जिला वैद्यकात कोमा म्हणतात, ती साधारणतः काही दिवस ते काही आठवडे टिकते. त्यानंतर रुग्ण शुद्धीवर येऊ लागतो, दगावतो, किंवा डोळे उघडे असूनही भान नसलेल्या अथवा अत्यल्प भान असलेल्या अवस्थेत जातो. वर्षांनंतर कोणी एकाएकी जागे होऊन पूर्वीसारखे बोलू लागणे, हे कथांमध्ये घडते तितके प्रत्यक्षात घडत नाही. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या देहाचे स्नायू झिजतात, सांधे आखडतात, त्वचेवर दाबामुळे जखमा होऊ शकतात, आणि सुधारणा झालीच तर ती फिजिओथेरपीच्या साहाय्याने, अतिशय संथ गतीने होते. ज्या घरात असा रुग्ण आहे, त्यांनी कथेतील चमत्कारावर आपली आशा बांधू नये; उपचार करणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट प्रश्न विचारावेत.

कथेतील आणखी एक प्रसंग शुश्रूषा करणाऱ्यांना ओळखीचा वाटेल. हारुकाला धक्का बसू नये म्हणून डॉक्टर सर्वांना सांगतात की, तीन वर्षे लोटल्याचे तूर्त तिला कळू देऊ नका. मग घरचे आणि ताकायुकी असे सारेच जण जुने दिवस अभिनयाने उभे करतात. या नाटकाचा सर्वांत मोठा भार मित्सुकीवर पडतो, कारण तिच्या आयुष्यातील तीन वर्षे घडलीच नाहीत असे तिला दाखवावे लागते.

सत्य केव्हा आणि किती सांगावे, याचे एकच उत्तर सर्व आजारांना लागू पडत नाही. मेंदूच्या दुखापतीतून सावरणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोड्या थोड्या मात्रेत, साध्या शब्दांत आणि पुन्हा पुन्हा माहिती द्यावी लागते. खोलीत कॅलेंडर व घड्याळ ठेवल्यास मदत होते. स्मृतिभ्रंशाच्या पुढच्या टप्प्यातील रुग्णाची गोष्ट निराळी आहे. तेथे नेओमी फील यांनी पुढे आणलेली भूमिका अनेक शुश्रूषा करणारे स्वीकारतात: तपशील दुरुस्त करण्याऐवजी त्यामागची भावना ओळखावी. आई कोठे आहे, असे ऐंशी वर्षांच्या आजींनी विचारले, तर आई कधीच गेली हे दर वेळी नव्याने सांगून त्यांना पुन्हा पोरके करण्यात अर्थ नाही. आईची आठवण येते का, आई कशी होती, असे विचारावे. मात्र जे काही ठरेल ते घरातील सर्वांनी मिळून ठरवावे. एकाने सांगायचे, दुसऱ्याने लपवायचे आणि तिसऱ्याने खोटे बोलण्याचा भार एकट्याने वाहायचा, असे होऊ नये.

न निवडणे हीही निवडच

ताकायुकीचा खरा दोष कोणता, असा प्रश्न वाचकांना पडतो. तो दोघींपैकी कोणाला निवडतो, यात दोष नाही. तो ठरवणे पुढे ढकलत राहतो. आज रुग्णालयात जाऊन हारुकाचा हात धरतो, रात्री मित्सुकीची समजूत काढतो, आणि दोघींनाही दुखवायचे नाही म्हणून दोघींनाही रोज थोडे थोडे दुखावतो. २००५ मधील ‘स्कूल डेज’ या दुसऱ्या एका त्रिकोणकथेत हे तंत्रानेच दाखवले आहे. तेथे ठरावीक वेळात पर्याय निवडला नाही, तर ते मौन हेच उत्तर धरले जाते आणि कथा पुढे सरकते. त्या कथेतील काही शेवट अत्यंत हिंसक आहेत; त्यामुळे ती सर्वांनी वाचावी असे सुचवण्याचा येथे मुळीच हेतू नाही. मौनाचीही नोंद होते, एवढेच त्यातून घ्यावे.

आपल्या कुटुंबांत रुग्णसेवेचा निर्णय पुष्कळदा अशा मौनातूनच होतो. वडिलांना पक्षाघात झाला की, त्यांच्याकडे कोण पाहणार हे कोणी बसून ठरवत नाही. जी सून घरी असते, जी मुलगी अविवाहित असते किंवा जो मुलगा जवळच्या गावात असतो, त्याच्या अंगावर ते हळूहळू येऊन पडते. वर्षभराने सगळे म्हणतात, तिला सवय झाली आहे. कोणी ठरवले नाही, तरी ठरलेच.

अशा घरातही एक त्रिकोण तयार होतो: रुग्ण, सेवा करणारी व्यक्ती आणि त्या व्यक्तीवर अवलंबून असलेले तिसरे माणूस. कधी तो पती असतो, कधी दहावीतला मुलगा. मित्सुकीने सोडलेले पोहणे कथेत कोणाच्या पटकन ध्यानात येत नाही, कारण सगळ्यांचे डोळे रुग्णालयाकडे लागलेले असतात. हारुकाची धाकटी बहीण आकाने सतत रागावलेली दिसते. तो राग मुळात दुःखाचाच असतो. आपल्या घरातील असे तिसरे माणूस आणि असा राग वेळीच ओळखावा.

आणि आणखी एक गोष्ट. हारुकाचे काय करायचे, याचा विचार कथेतील जवळपास प्रत्येक जण करतो. परंतु सत्य कळल्यावर तिला काय हवे आहे, हे विचारायला फार वेळ लागतो. दूरचित्रवाणी मालिकेच्या शेवटी ताकायुकीला निरोप देण्याचे बळ तिच्यापाशीच असल्याचे दिसते. ज्या रुग्णशय्येवरच्या मुलीला सगळे जपत होते, तिलाही निर्णय घेता येत होता. ज्येष्ठ वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. आपल्या शुश्रूषेविषयी आपली इच्छा, ती बोलून दाखवता येते तोवरच, मुलांना स्पष्टपणे सांगून ठेवणे ही त्यांच्यावर केलेली मोठी कृपा ठरते.

घरी करण्याजोगे

एक, महिन्यातून एकदा घरातील सर्वांनी एकत्र बसून रुग्णसेवेची वाटणी करावी. दिवस, रात्रीचे जागरण, औषधे आणणे, खर्च, दवाखान्याच्या फेऱ्या हे सर्व कागदावर लिहावे. दूर राहणाऱ्यांनाही त्यात काम द्यावे.

दोन, रुग्णाला समजत असेल तर या बैठकीत त्याला सामील करून घ्यावे. बोलता येत नसेल तर होकार-नकाराची खूण तरी विचारावी.

तीन, सेवा करणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून काही तास पूर्ण सुटी मिळावी, आणि त्या वेळात तिने काय केले याचा जाब कोणी विचारू नये.

चार, झोप न लागणे, सतत रडू येणे, कशातच रस न वाटणे असे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांना दाखवावे. शासनाच्या ‘टेलिमानस’ या सेवेशी १४४१६ या क्रमांकावर बोलता येते. ज्येष्ठांसाठीची ‘एल्डरलाइन’ १४५६७ या क्रमांकावर आहे.

ज्यांना दृश्यकादंबरी वाचून पाहावीशी वाटते, त्यांच्यासाठीही काही सूचना. हा प्रकार ज्येष्ठांना अवघड नाही. वाचनाची गती आपल्या हाती असते, मागचे संवाद पुन्हा वाचता येतात, पुष्कळ कृतींत वाक्ये आपोआप पुढे सरकण्याची सोय असते आणि कथा हवी तेथे थांबवून ठेवता येते. दर वीस मिनिटांनी नजर उचलून वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. वयोमर्यादा आधी तपासावी. वर सांगितलेल्या २००१ मधील कृतीची मूळ आवृत्ती केवळ प्रौढांसाठी होती आणि नंतर निघालेल्या सौम्य आवृत्तीतही दुःखाचा भार कमी नाही. नैराश्यातून जात असलेल्यांनी अशा कथा एकट्याने वाचू नयेत. नातवंडे वाचत असतील तर, किती वेळ पडद्यासमोर बसला आहेस, असे विचारण्याआधी, तू कोणती वाट निवडलीस आणि का, असे विचारून पाहावे. कदाचित त्यातून ती स्वतःच्या मनातले काही सांगतील आणि आपल्यालाही, आपण आयुष्यात घेतलेल्या एखाद्या वळणाविषयी त्यांना सांगता येईल.

कथेत मागे जाऊन दुसरी वाट चालता येते. घरात तसे करता येत नाही. परंतु वळण आले आहे हे मोठ्याने म्हणणे, सर्वांना, रुग्णालाही, एकत्र बसवणे आणि ठरवणे, एवढे आपल्या हाती असते. कोणत्याही वाटेवर थोडे दुःख राहणारच. ते एकाच माणसाच्या वाट्याला, तेही त्याला न विचारता, येऊ नये.